बाटलीतला मन्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2009 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. अब्बांना पुण्यातल्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. मेंदूत रक्तस्राव झालेला, शुद्ध नाही. मी बाकावर शाल गुंडाळून बसलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास सिस्टर आल्या. हातात सलाइनची लहान बाटली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, हलवून पाहिली आणि न लावताच परत नेली. माझ्या पोटात गोळा आला. मागोमाग गेलो, तर त्यांनी स्टीलच्या भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात ती बाटली उभी करून ठेवलेली.

"थंडीनं खडे धरतात हो याच्यात," त्या म्हणाल्या. "असंच नाही लावायचं. विरघळू दे, जरा निवू दे, मग लावते. तुम्ही बसा जाऊन."

बाटलीच्या तळाशी बारीक पांढरे स्फटिक चमकत होते. लेबलावर लिहिलं होतं, मॅनिटॉल, वीस टक्के. सकाळी तरुण डॉक्टर फेरीवर आले तेव्हा मी विचारलं, हे काय देताय? ते म्हणाले, "मेंदूची सूज उतरवायला. साखरेच्याच जातीचं समजा. नाव मन्नावरून आलंय. बायबलातला मन्न माहीत असेल ना?"

मन्न मला माहीत होता, पण बायबलातला नव्हे, दादीच्या तोंडचा. आमचं गाव खाडीकाठचं. रात्री कंदील बारीक केला की दादी मन्न-सलवाची गोष्ट सांगायची. हजरत मूसा आपल्या लोकांना घेऊन मिसरातून निघाले, वाळवंटात अन्न संपलं, तेव्हा पहाटे जमिनीवर गोड मन्न उतरायचा आणि संध्याकाळी सलवा म्हणजे लावे पक्षी यायचे. कुराणात मन्न आणि सलवाचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. हीच गोष्ट रायगडच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे बेने इस्रायलीही आपल्या घरात सांगत. ज्यांना गावोगावी शनवार तेली म्हणत, ती मंडळी. दादी म्हणायची, गोष्ट त्यांचीही आहे आणि आपलीही, भांडायचं कारण नाही.

आता ही आभाळातून उतरलेली वस्तू अब्बांच्या हाताच्या शिरेत कशी येऊन पोचली? त्या बाकावर सुचलेला हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षं पुरला. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण ग्रंथालयांत बसून आणि जाणकारांना छळून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात सिनाईपासूनच करायला हवी. 1927 साली बोडेनहायमर नावाचे कीटकशास्त्रज्ञ मुद्दाम सिनाईच्या वाळवंटात गेले. तिथे झाऊच्या झुडपांवर बारीक खवले-कीटक असतात. ते फांद्यांतला रस शोषतात आणि जास्तीचं गोड पाणी थेंबाथेंबानं बाहेर टाकतात. कोरड्या हवेत ते थेंब वाळतात आणि पहाटे झुडपाखाली पांढरे कण पडलेले दिसतात. तिथले बदाऊनी लोक त्याला मन्नच म्हणतात. ग्रंथातल्या मन्नाचा उलगडा यानं झाला असं काहींना वाटतं. ग्रंथातल्या प्रत्येक ओळीला प्रयोगशाळेची पावती जोडण्याची हौस मला नाही, म्हणून तो वाद मी सोडून देतो. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. झाऊच्या या मन्नात साध्या साखरा असतात, आणि बाटलीवर ज्याचं नाव होतं तो मॅनिटॉल त्यातून आलेलाच नाही!

याचं कारण असं की मन्न हे एका वस्तूचं नाव कधीच नव्हतं. झाडावर गोड काही साचलेलं दिसलं आणि ते कुठून आलं हे कळलं नाही, की लोक त्याला मन्न म्हणत. इराण-अफगाणिस्तानात काटेरी जवाशाच्या झुडपावर जमतो तो तुरंजबीन. आयुर्वेदाला तोच यासशर्करा म्हणून ठाऊक. दुसऱ्या काही झुडपांवरचा तो शीरखिश्त. युनानी हकीम दोन्ही वापरत, मुख्यतः लहान मुलांचं आणि अशक्त माणसांचं पोट हळुवार साफ करायला. मुंबईत राहून इथल्या बाजारातल्या औषधींचा अभ्यास करणारे विल्यम डिमॉक आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1890 ते 1893 या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इराणातून मुंबईला येणाऱ्या मन्नाची दखल त्यात आहे. आमच्या लहानपणी अत्ताराच्या दुकानातून कागदाच्या पुडीत चिकट, मळकट खडे यायचे, तो हाच माल. दादी ते दुधात विरघळवून द्यायची. चव छान, परिणाम सकाळी.

मॅनिटॉलचा मन्न मात्र सिसिलीतला. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर नवव्या शतकापासून सुमारे अडीचशे वर्षं अरबांची सत्ता होती. तिथल्या मादोनी डोंगरात जिबिलमान्ना नावाची जागा आहे. जबल म्हणजे डोंगर, तेव्हा हा मन्नाचा डोंगर, अशी त्या नावाची फोड सांगतात. याच भागात कास्तेलबुओनो आणि पोल्लिना ही गावं आहेत. इथे फ्रॅक्सिनस ऑर्नस ही ॲश जातीची झाडं मुद्दाम जोपासतात. उन्हाळा कडक झाला की शेतकरी बाकदार सुरीनं खोडाच्या सालीवर आडवी चीर देतो. जखमेतून रस ठिबकतो आणि उन्हात वाळून त्याच्या पांढऱ्या कांड्या होतात. दुसरी चीर पहिलीच्या थोडी वर. असं पावसाची सर येईपर्यंत चालतं. एक सर आली की सगळं धुऊन जातं. काजूच्या हंगामात वळिवाला घाबरणाऱ्या आमच्या कोकणी माणसाला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

विद्वानांचा मात्र शतकानुशतकं समज असा की हे आकाशातलं दव आहे. रात्री पडतं, झाडावर गोठतं. सोळाव्या शतकात इटलीत कुणीतरी साधी युक्ती केली. झाडं कापडानं झाकून ठेवली. आभाळाचा रस्ता बंद. तरी सकाळी मन्न होताच. म्हणजे तो वरून येत नव्हता, झाडाच्या आतून येत होता. मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं. ज्या वस्तूच्या नावातच चमत्कार आहे तिच्यावर चादर टाकून पाहायची, याला धीर लागतो. आणि तो करणाऱ्याची श्रद्धा गेलीच असेल असं मानायचं काही कारण नाही.

यानंतर गोष्ट रसायनशाळेत गेली. 1806 साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ जोसेफ लुई प्रूस्त (कादंबरीवाला प्रूस्त वेगळा, तो बराच पुढचा) यानं मन्नातून पांढरे, गोड, सुईसारखे स्फटिक वेगळे काढले. सिसिलीच्या मन्नात जवळपास निम्मा भाग याच पदार्थाचा. हाच मॅनिटॉल. 1872 साली बुसिंगो या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानं रोवन झाडाच्या लाल फळांच्या रसातून त्याचा सख्खा भाऊ शोधला. झाडाचं शास्त्रीय नाव सॉर्बस, म्हणून हा सॉर्बिटॉल. पुढे 1888 मध्ये जर्मनीच्या एमिल फिशर यांनी मॅनिटॉलवर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्यातून एक नवी साखर मिळवली. तिचं नाव मॅनोज. तिच्याच आधारानं ते ग्लुकोजच्या रचनेपर्यंत पोचले आणि 1902 चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे आज साखरेचं जे रसायनशास्त्र मुलं शिकतात त्याच्या पायात मन्नाचा एक दगड आहे.

या पदार्थांना शर्करा-अल्कोहोल म्हणतात. माझ्या एका धार्मिक वृत्तीच्या मित्रानं हे ऐकून कानाला हात लावला होता. तेव्हा खुलासा करतो, यात नशा नाही. अल्कोहोल हा शब्दच मुळात अरबी 'अल-कुह्ल'वरून आला, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरम्याच्या बारीक भुकटीवरून तो अर्क काढलेल्या द्रव्यांवर गेला आणि तिथून दारूवर घसरला. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक विशिष्ट जोडी आहे. साखरेच्या रेणूला एक टोक असं असतं की ते कुठेही जाऊन चिकटायला बघतं. त्या टोकावर हायड्रोजन चढवला की ते शांत होतं. साखर शर्करा-अल्कोहोल बनते. गोडी थोडी कमी होते, भांडखोरपणा जातो.

पण हे करतं कोण आणि कुठे? कापड टाकून पाहणाऱ्यांनी मन्न आभाळातून सालीत आणला. सालीतून तो पानात पोचायला आणखी चारशे वर्षं गेली. कारण पानाच्या आत काय चाललंय हे बघायला डोळा नव्हता. तो विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळाला, किरणोत्सारी कार्बनच्या रूपानं. पानाला असा खुणेचा कार्बन असलेला वायू द्यायचा, पान तो उन्हात गिळतं, मग थोड्या थोड्या वेळानं पान तपासून ती खूण कोणत्या पदार्थात गेली ते बघायचं. गाईच्या गळ्यात घंटा बांधून ती कुठे चरते ते ऐकावं तसं. वेब आणि बर्ली या दोघांनी सफरचंदाच्या पानावर हे करून 1962 मध्ये दाखवलं की पानातून निघून फांदीत वाहणारा मुख्य पदार्थ आपली नेहमीची साखर नसून सॉर्बिटॉल आहे.

बहुतेक झाडांचा व्यवहार असा असतो. उन्हाच्या बळावर पान पाणी फोडतं, त्यातून मिळालेल्या शक्तीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर रचतं आणि ती सालीखालच्या रसवाहिन्यांतून मुळांना, कोंबांना, फळांना पाठवतं. ऊस हेच करतो, आंबा हेच करतो. काही कुळांनी मात्र आपली वेगळी वाट धरली. गुलाबाचं कूळ, म्हणजे सफरचंद, नासपती, पीच, आलुबुखार, बदाम, यांची पानं सॉर्बिटॉल बनवतात. कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली सेलरी, आपण चायनीज सूपमध्ये खातो ती, मॅनिटॉल बनवते. जाई-मोगऱ्याच्या कुळात ऑलिव्ह आणि सिसिलीचा तो ॲश येतात, तेही मॅनिटॉलवाले. सेलरीच्या पानातला नेमका मार्ग अमेरिकेत रम्फो, एडवर्ड्स आणि लोशर यांनी 1983 साली उलगडला. पानातली कच्ची साखर आधी थोडी वळवून मॅनोजच्या रूपात आणली जाते. मग एक विकर तिच्यावर हायड्रोजन चढवतं आणि शेवटी तिला चिकटलेला फॉस्फेट काढून टाकला की मॅनिटॉल तयार. हे काम जून, पक्व पानांचं. कोवळी पानं तो फक्त खातात. घरोघरी हेच आहे.

तयार मॅनिटॉल सालीतून खाली उतरतो. म्हणजे सिसिलीचा शेतकरी चीर देतो ती या वाहत्या शिदोरीच्या वाटेवर. मुळाशी किंवा कोंबाशी पोचल्यावर दुसरं एक विकर तो चढवलेला हायड्रोजन काढून घेतं, पुन्हा साखर होते, आणि काढलेल्या हायड्रोजनातून थोडी जादा शक्तीही मिळते. आणखी एक फायदा आहे. कडक उन्हात पानाजवळ प्रकाशाची शक्ती वापराच्या बाहेर साचते आणि पानालाच जाळायला बघते. मॅनिटॉल बनवण्यात ती थोडी खर्ची पडते. शिदोरीही बांधली जाते आणि भट्टीही जरा निवते.

बोरॉनची हकीकत मला सर्वांत आवडते. झाडाला तो अगदी चिमूटभर लागतो, पण लागतोच. बहुतेक झाडांत पाण्याबरोबर तो जुन्या पानात जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. इकडे नव्या कळीला तुटवडा पडतो. सफरचंद, बदाम, सेलरी यांच्यात मात्र तो पानातून कळीकडे सहज जातो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1997 मध्ये याचं कारण दाखवलं. सेलरीच्या रसात बोरॉन मॅनिटॉलच्या रेणूंना धरून प्रवास करतो आणि पीचमध्ये सॉर्बिटॉलला धरून. जत्रेला निघालेल्या गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याला बसवून न्यावं तसं. म्हणून अशा झाडांच्या पानांवर बोरॉन फवारला तरी तो मोहोरापर्यंत पोचतो. बागाईतदाराला याची किंमत कळते.

आता पाण्याबद्दल. जमीन सुकली किंवा खारट झाली की मुळांना पाणी ओढणं जड जातं, उलट पेशीतलंच पाणी बाहेर निघू बघतं. मॅनिटॉल पेशीत साठला की तो पाण्याला धरून ठेवतो आणि स्वतः पेशीच्या कामात लुडबूड करत नाही. खाऱ्या पाण्यावर वाढवलेल्या सेलरीत तो वाढलेला आढळतो. 1993 साली तार्चिन्स्की, जेन्सन आणि बोनर्ट यांनी जिवाणूतलं मॅनिटॉलचं जनुक तंबाखूत घातलं, तेव्हा तंबाखूची रोपं मिठात इतर रोपांपेक्षा बरी तगली. गंमत म्हणजे त्यांच्यात तयार झालेला मॅनिटॉल पाणी धरून ठेवण्याइतका नव्हताच. पुढे लक्षात आलं की ताणाच्या वेळी पेशीत जे जहाल ऑक्सिजनचे कण सुटतात, त्यांना तो निष्प्रभ करतो.

ही ढाल शत्रूकडेही आहे. बुरशी रोपावर चढते तेव्हा रोप याच जहाल ऑक्सिजनचा मारा करतं. त्यावर काही बुरश्या आपल्याकडचा मॅनिटॉल सोडून तो मारा पुसून टाकतात. तंबाखू स्वतः मॅनिटॉल बनवत नाही, पण तो मोडणारं विकर तिच्याजवळ आहे, आणि बुरशीची चाहूल लागली की ते बाहेर काढलं जातं, असं 1998 मध्ये दिसून आलं. घरात न पिकणाऱ्या वस्तूचं कुलूप उघडायची किल्ली तिनं कधीची जपून ठेवलेली!

अब्बांच्या बाटलीत जो गुण कामाला आला, तो पाण्याला ओढण्याचा हाच गुण. रक्तात सोडलेला मॅनिटॉल मेंदूच्या राखणदार पडद्यातून आत शिरू शकत नाही. तो बाहेर रक्तातच राहतो आणि सुजलेल्या मेंदूतलं पाणी आपल्याकडे खेचतो. मग मूत्रपिंडांवाटे ते पाणी घेऊन निघून जातो. पानात तो पाणी जाऊ देत नाही आणि इथे पाणी काढून नेतो. तो पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढाच फरक. मेंदूच्या सुजेवर तो 1960 च्या दशकापासून वापरात आहे. दादीच्या दुधातले खडेही याच न्यायानं काम करायचे, आतड्यात पाणी ओढून. हकीम आलुबुखार भिजवून देतात त्यात सॉर्बिटॉल असतो. 'शुगर-फ्री' च्युइंगमच्या पाकिटावर बारीक अक्षरात जास्त खाल्ल्यास पोट बिघडण्याची जी सूचना असते, तीही त्याचीच. एक दुरुस्ती मात्र करायला हवी. बाटलीतला मॅनिटॉल आता सिसिलीहून येत नाही. कारखान्यात साखरेवर दाबाखाली हायड्रोजन चढवून तो करतात. पान जे उन्हात गुपचूप करतं, तेच यंत्रात.

चौथ्या दिवशी अब्बांनी डोळे उघडले. उजवा हात गेला होता, बोलणं जड, पण माणूस तोच. आठवड्यानं मी त्यांना सांगितलं, "अब्बा, तुम्हाला बाटलीतून मन्न दिला." ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग जिभेला जमेल तसं म्हणाले, "मग सलवा कुठंय? लावा आण की." आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टर धावत आल्या. पुढे सव्वातीन वर्षं ते होते, बहुतेक गावीच, खाडीकडे तोंड करून ओट्यावर.

त्या ओट्यासमोर चिखलात चिप्पीची झाडं आहेत. भरतीला गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी असतात, ओहोटीला चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं दिसतात. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य-कांदळवृक्ष म्हणून 2020 मध्ये जाहीर झाला, तेव्हा मी तिच्याविषयी वाचायला घेतलं. तिच्या पानात मिठाला तोंड देण्यासाठी जे साठवलेलं असतं त्यात मॅनिटॉल आहे, हे वाचून पुस्तक खाली ठेवलं. अब्बा तोवर गेलेले. तीन वर्षं ते त्याच झाडांकडे बघत बसले होते.

दारातल्या प्राजक्ताचीही तीच तऱ्हा. तो जाईच्या कुळातला आणि त्याच्या पानांतही मॅनिटॉल सापडलेला आहे. ताप आला की दादी त्या खरखरीत पानांचा काढा करून नाक दाबून पाजायची. इतका कडू, की गोड काही असलंच त्यात, तर ते जिभेला कधी लागलं नाही.